बिनखांबी गाडीची ट्रायल

अनुसयाबाईंनी गाडी विकायला काढली त्याला दोन वर्षं होत आली, तरी गाडी काही जागची हलत नाही, असं मध्य प्रदेशातल्या बालाघाट गावचे लोक म्हणत. त्यात अर्धंच खरं होतं. गाडी विकली गेली नव्हती हे खरं. पण जागची ती चांगलीच हलत होती.

गाडी अमेरिकेची होती. मँगनीजच्या खाणीवर आलेल्या एका अमेरिकन इंजिनियरनं ती बोटीतून आणलेली. परत जाताना तो ती अनुसयाबाईंच्या यजमानांना, म्हणजे ठेकेदारसाहेबांना, देऊन गेला. खालून फिकट निळी, वरून दुधासारखी पांढरी, आणि लांबी एवढी की वळताना अर्धा रस्ता तिलाच लागे. कंपनीचं नाव कुणाला धड म्हणता येत नसे. पण तिचं छत पाहायला लोक थांबत. छत पक्कं लोखंडाचं, आणि पुढच्या-मागच्या खिडकीच्या मधे इतर गाड्यांना असतो तो खांबच नाही. चारी काचा खाली केल्या की गाडी इकडून तिकडे आरपार मोकळी. वरचं छत जणू कुणी हवेत धरून ठेवलंय. म्हणून गावानं तिचं नाव पाडलं, 'बिनखांबी'. स्टेअरिंग डाव्या बाजूला, ही तिची आणखी एक तऱ्हा.

ठेकेदारसाहेबांचा तिच्यावर फार जीव. रोज पुसायचे, वर चादर टाकायचे, कलेक्टर कचेरीतले साहेबलोक आले की काढायचे. बायकोला मात्र त्यांनी त्या गाडीत दोनदाच बसवलं. एकदा देवीच्या दर्शनाला, एकदा दवाखान्यात. "बायांच्या डोक्याच्या तेलानं सीट खराब होते," असं ते म्हणत. अनुसयाबाई ऐकून घेत आणि वारासिवनीच्या बाजाराला मोटारस्टँडवरून बसनं जात.

ठेकेदारसाहेब वारले. मुलगा भिलाईला कारखान्यात होता. तेराव्यानंतर जाताना सांगून गेला, "आई, ती गाडी विकून टाक. तुला काय करायची?" अनुसयाबाईंनाही ते पटलं. पाटी रंगवून फाटकाला लावली आणि खरोखरच विकायच्या मनानं वाट पाहत बसल्या.

पहिलं गिऱ्हाईक गोंदियाचा एक कापडवाला होता. ड्रायव्हर सोबत घेऊन आला होता. म्हणाला, "बाई, ट्रायल घेऊन पाहतो. तुम्हीही चला, म्हणजे तुम्हाला काळजी नको." अनुसयाबाई मागच्या सीटवर बसल्या. ड्रायव्हरनं चारी काचा खाली केल्या आणि गाडी किरनापूरच्या रस्त्याला लागली.

त्या दिवशी काय झालं ते त्यांनी फक्त शेजारच्या चंपाबाईंना सांगितलं. वारा या खिडकीतून आत येई आणि त्या खिडकीतून बाहेर जाई. पदर डोक्यावर ठरेना, आणि थोड्या वेळानं त्यांनी तो सावरायचंही सोडलं. किरनापूर आलं तसं त्यांना आठवलं की मावसबहिणीला पाहून तीन वर्षं झाली. गाडी तिच्या दारात थांबवली, चहा झाला, गप्पा झाल्या, कापडवाला बिचारा ओट्यावर बसून राहिला. परत आल्यावर त्यानं विचारलं, "मग काय म्हणता, बाई?"

"विचार करून सांगतो," अनुसयाबाई म्हणाल्या. तिकडच्या बायका बोलताना 'करतो, येतो' असंच म्हणतात.

विचार त्यांनी खरंच केला. रात्रभर केला. पण तो गाडी विकण्याचा नव्हता.

तेव्हापासून नियम ठरला. मालकीण सोबत असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही. चालवणारा गिऱ्हाइकाचा, पेट्रोलही गिऱ्हाइकाचं. आणि ट्रायल घ्यायची तर नीट लांबची घ्यायची, "नाईतर अमेरिकन गाडीचा गुण कसा समजन?" अशा रीतीनं अनुसयाबाईंनी लांजीची जत्रा केली, वारासिवनीच्या बाजारातून वर्षाचं तिखट आणलं आणि गोंदियाला तीन वेळा जाऊन चष्मा केला. एकदा नंबर काढायला, एकदा चष्मा आणायला आणि एकदा तो नाकावर टोचतो म्हणून. तिन्ही वेळा गिऱ्हाईक वेगळं. चंपाबाई जवळपास प्रत्येक वेळी सोबत असत.

गिऱ्हाईक परत कसं लावायचं, हीही त्यांची कला होती. त्या खोटं एक अक्षर बोलत नसत. फक्त खरं बोलायची वेळ त्या निवडत. जाताना गप्प बसत आणि फाटकापाशी परत आलं की म्हणत, "गाडी लाख हाय, भाऊ. फक्त बैलाले पाणी पाजाव तसं पेट्रोल पाजा लागते. अन् काच फुटली त अमेरिकेतून आणा लागते." एवढ्यानं दहातले नऊ जण जात. दहावा चिवट निघाला तर, "पोराले विचारतो" हे होतंच. मुलाला त्या दर पत्रात लिहीत, "गिऱ्हाइकं येऊन राह्यली." हेही खरंच.

"अनसे, पाप लागन तुले," चंपाबाई म्हणत.

"काहून? गाडी विकाले काढली हाय का नाई? हाय. कोणी घेऊन राह्यला का? नाई. यात माहं काय?"

माघ महिन्यात वारासिवनीचे महागू सेठ आले. धानाची छोटी गिरणी, साठी उलटलेली, मिशी मात्र काळीभोर रंगवलेली. सोबत मुलगा वसंता. तो गिरणीचा ट्रक चालवायचा, उंच, हसऱ्या तोंडाचा. महागू सेठनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटानं चाक टोचून पाहिलं आणि म्हणाले, "गाडी पसंत हाय. पण ट्रायल घ्या लागन. राजेगावपर्यंत."

अनुसयाबाईंनी चंपाबाईंकडे पाहिलं. चंपाबाईंना किती दिवसांपासून राजेगावच्या बाजारची बांबूची सुपं हवी होती. गिऱ्हाईक स्वतःहून राजेगाव म्हणतंय, यापरतं सुख काय! "चाला," अनुसयाबाई म्हणाल्या. "आमी दोघी येतो संगं."

महागू सेठचा चेहरा उतरला. "तुमी? नाई म्हणजे, तुमाले कायले तरास?"

"मालकीण संगं असल्याबिगर गाडी हालत नाई, सेठ. बाहेर कोणालेबी विचारा."

सेठनी मिशीवरून बोट फिरवलं, मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "बरं. मंग तुमाले बजारात सोडून देतो. आमचं एक घटकाभराचं काम हाय गावात. वापस जाताना घेतो तुमाले."

अनुसयाबाईंना तेव्हा इतकंच वाटलं की सेठनी आज कोट घातलाय, वसंतानं डोक्याला चमेलीचं तेल चोपडलंय, आणि दोघांच्या मधे मिठाईचा पुडा आहे. ट्रायलला जाताना मिठाई कशाला, हा प्रश्न त्यांच्या मनात आला, पण काचा खाली गेल्या, वारा आला आणि प्रश्न वाऱ्याबरोबर पलीकडच्या खिडकीतून निघून गेला.

राजेगाव म्हणजे सरहद्दीचं गाव. तिथून पुढं गेलं की महाराष्ट्र. बाजाराचा दिवस होता. गाडी बाजाराच्या तोंडाशी आली तशी माणसं दुकानं सोडून धावली. वसंता डावीकडे स्टेअरिंगवर होता आणि महागू सेठ उजवीकडे, जिथं आपल्याकडे ड्रायव्हर बसतो, तिथं कोट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"अरे बाप! सेठ त हात सोडून गाडी चालवून राह्यले!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

सेठनी खुलासा केला नाही. उलट मान थोडी वर केली.

अनुसयाबाई आणि चंपाबाई उतरणार, तोच गर्दी बाजूला सारत एक उंच माणूस आला. पांढरं धोतर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. गावचे मोठे शेतकरी, प्रेमलाल पाटील. "या, या महागू सेठ!" ते म्हणाले. "घरी वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं पाहुणे भटकले का काय." मग वाकून त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. अनुसयाबाईंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "अन् या कोण?"

सेठच्या मानेवर घाम आलेला अनुसयाबाईंना मागून स्पष्ट दिसला.

"ही... ही माही मोठी बहीण," सेठ म्हणाले. "वसंताची आत्या."

"अन् या दुसऱ्या?"

"त्या बी आत्याच. धाकटी."

अनुसयाबाई गोऱ्या, ठेंगण्या, नाकावर चष्मा. चंपाबाई सावळ्या, ताडासारख्या. प्रेमलालनी दोघींकडे पाहिलं, म्हणाले, "वा! दोन-दोन आत्या आल्या. उतरू नका, घरी चाला." आणि स्वतःच दार उघडून चंपाबाईंच्या शेजारी बसले.

मिठाईच्या पुड्याचा उलगडा आता झाला. ट्रायलबियल काही नव्हती. सेठ पोरगी पाहायला आले होते. दारात अमेरिकन गाडी उभी करायची, ती आपलीच आहे असं भासवायचं, आणि मुलाचा भाव वाढवून घ्यायचा, असा बेत होता. आणि त्या गाडीत तिची खरी मालकीण मोठी बहीण होऊन बसली होती.

अनुसयाबाईंना राग आला. गाडी वापरल्याचा नाही. ते तर त्याही दोन वर्षं करत होत्या, आणि या कामात आपल्याला जोडीदार भेटला म्हणून थोडं कौतुकच वाटलं. राग आला तो 'मोठी' या शब्दाचा. त्या बावन्न वर्षांच्या होत्या, आणि हा काळ्या मिशीचा म्हातारा त्यांना मोठी बहीण म्हणत होता.

प्रेमलालच्या घरी बैठकीत पुरुष बसले. गावचे चार लोक आले. आतल्या खोलीत प्रेमलालच्या पत्नी मैनाबाईंनी दोन्ही आत्यांना पाट दिले, पोह्याच्या बश्या दिल्या. बैठकीत मुलाला दाखवून झाल्यावर मुलगी आत येऊन समोर बसली. शीला नाव. मॅट्रिक झालेली, डोळे मोठे आणि जागेवर न राहणारे. मैनाबाई चहा आणायला गेल्या तशी ती पुढं सरकून हळूच म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू? ती गाडी बाईमाणसाले चालवता येते का?"

"काहून नाई येणार? गाडी का मिशी पाहून चालते?"

शीला हसली. मग म्हणाली, "मंग तुमी काहून नाई चालवत?"

अनुसयाबाईंच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. इतकी वर्षं गाडी दारात होती. तिच्यात बसायला मिळावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मिळवताना आपण फार हुशारी केली असं त्यांना वाटत होतं. पुढच्या सीटचा विचारच कधी मनात आला नव्हता. "मले कोणी विचारलंच नाई, बाई," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बैठकीतून महागू सेठचा खाकरण्याचा आवाज आला. अनुसयाबाई उठून दाराच्या चौकटीशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता पाटील," सेठ म्हणत होते, "आमची परिस्थिती तुमी पाहतच हा. दारात गाडी उभी हाय. त्या मानानं पोराचं देणंघेणं म्हटलं त..."

प्रेमलालचा चेहरा दगडासारखा झाला. मैनाबाई चहाचा ट्रे धरून जागीच थांबल्या. पुढं काय होणार हे त्या घराला माहीत असावं.

"महागू!" अनुसयाबाई कडाडल्या.

सगळी बैठक वळून पाहू लागली. सेठच्या हातातली बशी कलली.

"काय रे, आपल्या घरात कधी कोणी कोणाले मांगतलं का? आपला बाप असता त काय म्हणला असता तुले? पोरगी अन् नारळ, बस. याच्यावर एक सुतळी बी नाई पाह्यजे आपल्याले."

"ताई, तू जरा..." सेठ म्हणाले.

"मी मोठी हाव ना?" अनुसयाबाईंनी गोड आवाजात विचारलं, आणि उघड्या दारातून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. सेठनीही गाडीकडे पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हौ," सेठ कसेबसे म्हणाले. "ताई म्हणते तसं."

चार लोकांनी वाहवा केली. प्रेमलाल उठले आणि सेठना कडकडून भेटले. सेठचा कोट पोह्यांनी भरला.

परतीच्या वाटेवर गाव मागं पडलं. मग सेठ सीटवर उलटे फिरून बसले. "तुमी कोण हो माह्या घरचं ठरवणाऱ्या?"

"मोठी बहीण. तुमीच सांगतलं."

"तोंडातून निघालं म्हणून का खरं झालं?"

"मंग फिरवा गाडी. चाला, सांगू पाटलाले. मी आत्या नाई, अन् गाडी सेठची नाई. दोनी गोष्टी एका दमात होऊन जातीन."

सेठ धुसफुसले. मग म्हणाले, "मले बी समजलं हाय तुमचं. दोन वर्षांपासून लोकायच्या पेट्रोलवर गावं हिंडून राह्यल्या. साऱ्या बालाघाटले सांगतो."

"सांगा ना. लोक विचारतीन, तुमाले कसं समजलं, सेठ? तुमी कुठं गेलते?"

इतका वेळ वसंता रस्त्याकडे पाहून गाडी चालवत होता. त्याचे खांदे हलू लागले होते. शेवटी त्यानं गाडी एका मोहाच्या झाडाखाली थांबवली, स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि पोट धरून हसला. "बाबूजी," तो म्हणाला, "मले पोरगी पसंद है. बहुत पसंद है. अन् मले काईच नाई पाह्यजे. आत्यानं बराबर केलं."

"तू बी तिले आत्या म्हणून राह्यला?" सेठ ओरडले.

या भांडणात चंपाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या एकदम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई! माही सुपं राह्यली!"

लग्न फाल्गुनात ठरलं. सेठ पुन्हा अनुसयाबाईंच्या फाटकाकडे फिरकले नाहीत. लग्नाला गाडी मागायला येतील आणि मग आपण त्यांना चांगलं नाचवू, अशी अनुसयाबाईंची उमेद होती. पण आठ दिवसांनी दुपारच्या बसनं, गाडीचं घर विचारत विचारत आले ते प्रेमलाल पाटील. हातात सुपांची जुडी.

"धाकट्या आत्या आमच्या घरात सांगत होत्या, सुपं घ्याची होती म्हणून. घरी येण्याच्या घाईत राह्यली," ओट्यावर बसत ते म्हणाले.

अनुसयाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. गाडी समोरच्या टिनाच्या शेडमधे उभी, फाटकाला पाटी लटकलेली, आणि महागू सेठच्या वारासिवनीपासून हे घर कितीतरी दूर. पाटलांना त्यांनी चहा दिला, साखर दोनदा टाकली. लग्न मोडायला आला असेल हा माणूस, असं त्यांना वाटलं, आणि पहिल्यांदाच आपल्या खोड्यांची त्यांना भीती वाटली. त्या पोरीचे चळवळे डोळे आठवले.

"पाटील," त्या म्हणाल्या, "तुमाले एक सांगा लागते. मी काई..."

"आत्या नाई. मले माईत हाय."

"कवापासून?"

"तुमी गाडीत बसल्या होत्या तवापासूनच." पाटलांनी चहा बशीत ओतला. "माहं घर गोंदियाच्या रस्त्यावर. ही गाडी माह्या दारावरून तीन डाव गेली. गाडीचा मालक दर डावाले दुसरा. मागं बसणारी बाई मात्र तीच. मी घरी म्हणलो बी होतो, ही बाई हाय तरी कोण, हिचे किती भाऊ!"

अनुसयाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू आलंच. मग सावरून त्यांनी विचारलं, "मंग तवाच काहून नाई बोलले?"

"कायले बोलू? शीलेच्या दोन सोयरिकी मी मोडल्या हो. मले देणं जड नाई. पण मांगणाऱ्याले मी माह्या शेतातलं ढेकूळ देत नाई, असा माहा सोभाव. सेठनं तोंड उघडलं तवा ही बी सोयरीक गेली असंच मी समजलो. पोरगा चांगला होता, पोरीचं मन होतं. तेवढ्यात तुमी चौकटीत येऊन उभ्या राह्यल्या. असल्या आत्याले मी खोटं पाडू का?"

पाटलांनी बशी रिकामी करून खाली ठेवली. मग पाटील म्हणाले, "आता कामाचं बोलतो. गाडी मले पाह्यजे."

अनुसयाबाईंची जीभ सवयीनं चालू लागली. "घ्या ना. पण ट्रायल घेऊन पाहा आंधी. लांबची घ्या. चालवणारा तुमचा, पेट्रोल..."

"ट्रायल नाई पाह्यजे."

"बैलाले पाणी पाजाव तसं पेट्रोल पाजा लागते."

"पाजीन."

"काच फुटली त अमेरिकेतून आणा लागते."

"फोडणार नाई."

"पोराले विचारा लागन."

"विचारा. मी बसतो इथंच."

दोन वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. अनुसयाबाईंना एकदम मोकळं-मोकळं आणि वाईट, दोन्ही वाटलं. त्यांनी विचारलं, "पण तुमाले कायले गाडी?"

"मले नाई. शीलेले. त्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं तिनं. म्हणते, गाडी चालवीन. माहा नेम मांगणाऱ्याले न देण्याचा, पण पोरीपुढं कोणाचा नेम चालते?"

अनुसयाबाई उठल्या. शेडमधे गेल्या. चादर ओढून काढली. डावीकडचं दार उघडून त्या पहिल्यांदाच स्टेअरिंगपुढं बसल्या. पाय खाली नीट पोचत नव्हते. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून त्यांनी जरा इकडे फिरवलं, जरा तिकडे फिरवलं. पुढची सीट अजून नव्यासारखी होती. मागच्या सीटला मात्र त्यांच्या डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग पडला होता, त्याकडे त्यांनी आरशातून समाधानानं पाहिलं. मग उतरल्या आणि पाटलांना म्हणाल्या, "घेऊन जा. पण शिकू द्या तिले. चादर टाकून ठेवू नका."

लग्नाला मुलाकडची वऱ्हाडी मंडळी गिरणीच्या ट्रकमधून आली. राजेगावचं सगळं गाव मांडवाबाहेर रस्त्याकडे डोळे लावून बसलं होतं. ट्रकमधून कोट घातलेले महागू सेठ उतरले तशी कुजबूज सुरू झाली. अनुसयाबाई आणि चंपाबाई वरपक्षाच्या आत्या म्हणून पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांना बोलावणं पाटलांनी स्वतः धाडलं होतं.

"सेठ, तुमची गाडी नाई आणली?" प्रेमलालनी चारचौघांत, अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

"ते... इंजनचं काम निघालं," सेठ म्हणाले.

"अरेरे. मोठी गाडी, मोठं दुखणं." पाटलांनी मान हलवली आणि गोठ्याजवळ उभ्या असलेल्या गड्याला खूण केली. त्यानं एका मोठ्या ढिगावरची ताडपत्री ओढली. खाली बिनखांबी उभी होती, धुऊन पुसून, बोनेटवर झेंडूचा हार. "म्हटलं तुमच्या गाडीले जोडी होईन. शीलेच्या नावानं घेतली. तिचीच राहीन, तीच चालवन."

"दुसरी!" मांडव ओरडला. "सेठच्या घरी दोन-दोन अमेरिकन!"

महागू सेठना हसावं लागलं, हात जोडावे लागले, दुसरी पहिलीपेक्षा चांगली दिसते असंही म्हणावं लागलं. मग ते गर्दीतून वाट काढत अनुसयाबाईंपाशी आले आणि दात आवळून हळूच म्हणाले, "पेट्रोल कोण टाकन?"

"घरची गाडी, घरचं पेट्रोल," अनुसयाबाई म्हणाल्या. "अन् महिन्यातून दोनदा तुमच्या मोठ्या बहिणीले भेटाले पाठवा लागन शीलेले. आपल्याकडं रीत हाय."

त्या पोरीनं खरंच शिकून घेतलं. वसंतानं तिला गिरणीच्या मागच्या मैदानात शिकवलं. चैत्र सरता सरता ती पहिल्यांदा स्वतः चालवत बालाघाटला आली. शेजारी वसंता होता आणि मागं महागू सेठ. सून एकटी कशी पाठवायची, असं म्हणत ते आले होते, पण खरं म्हणजे मागच्या सीटची त्यांनाही चटक लागली होती. अनुसयाबाई आणि चंपाबाई फाटकाशी तयारच होत्या. त्या दिवशी किरनापूरला जायचं ठरलं होतं.

सगळे बसले. रेल्वे फाटकापाशी पोचेपर्यंत सगळं सुरळीत होतं. छोट्या लाइनीची, म्हणजे नॅरोगेजची, आगगाडी नुकतीच गेली होती आणि फाटक उघडलं होतं. शीलानं रूळ ओलांडले, मागून ट्रकनं भोंगा वाजवला, ती दचकली आणि गाडी गचके खाऊन फाटकाच्या पुढं जेमतेम एक गाडीभर अंतरावर बंद पडली. मागं बैलगाड्या, सायकली, बस, सगळे खोळंबले. शीलानं दोनदा किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"ढकला लागन," वसंता खाली उतरत म्हणाला. "बाबूजी, चाला."

"मी?"

"अजून कोण? बायांनी ढकलाव का?"

महागू सेठ उतरले. कोट काढून त्यांनी चंपाबाईंच्या मांडीवर दिला आणि बाप-लेक मागच्या बाजूला गेले. बसमधले दोघे-तिघे मदतीला धावले. शीला ओठ चावून रस्त्याकडे बघत होती. अनुसयाबाई मागच्या सीटवरून पुढं झुकल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नको. गिअरचं काय सांगतलं होतं वसंतानं?"

"दुसऱ्यात टाकायचा, अन् ढकलली की क्लच सोडायचा."

"मंग टाक."

मागून सेठचा धापा टाकणारा आवाज आला, "चालू झाली का?"

"नाई झाली, महागू," खांब नसलेल्या खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन अनुसयाबाई म्हणाल्या. "अजून जोर लाव."

शीलानं क्लच सोडला. गाडीनं एक मोठा गचका खाल्ला, इंजिन गरजलं आणि बिनखांबी सुटली. पोरीला आनंदानं थांबायचं सुचलंच नाही. वसंता आणि महागू सेठ धुळीत पळत मागं राहिले, बसमधले लोक टाळ्या वाजवू लागले, आणि चंपाबाई सेठचा कोट छातीशी धरून ओरडू लागल्या, "अवो थांबवा, दोघं राह्यले!"

"थांबतो, थांबतो," शीला म्हणाली. "पण चढ हाय पुढं. चढ संपला की थांबवतो."

"हौ," अनुसयाबाई म्हणाल्या. "चढावर थांबवू नये." आणि पाठ टेकून, पदर खांद्यावर सोडून, त्या आरामात बसल्या.